एकवीस जणींचं एकमत

"हे तुमचं, सिस्टर," म्हणत महामुनी मॅडमनी माझ्या बाकावर एका छापील संशोधनाची पाच पानांची झेरॉक्स ठेवली. पहिल्याच पानावर, मथळ्याच्या खाली, कात्रीनं कापलेलं लांबट भोक होतं.

"हे काय, उंदरानं खाल्लं की काय?" मी विचारलं.

"लेखकाचं नाव होतं तिथं. सगळ्यांच्याच पेपरांतलं काढलंय मी. नाव दिसलं की आपण आधी हात जोडतो आणि मग वाचायला घेतो. शनिवारच्या जर्नल क्लबला मला जोडलेले हात नकोत. पेपर कुठं पोकळ आहे ते सांगायचं. कुणाला विचारलं, कसं विचारलं, कागद गोळा कुणी केले, आणि निष्कर्ष आकड्यांतून निघालाय की लेखकाच्या डोक्यातून, एवढं बघा."

तृप्ती महामुनी आमच्या ट्यूटर. वय अठ्ठावीस, आणि माझं त्रेचाळीस. वीस वर्षं वॉर्डात घासून, त्यातली नऊ वर्षं सात नंबर वॉर्डाची इन्चार्ज म्हणून काढून, मी पुन्हा वही-पेन घेऊन बाकावर बसले होते. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातून दर वर्षी एकाच नर्सला पगारी रजेवर पदवीला पाठवायचे, त्याला सगळे डेप्युटेशन म्हणत. कॉलेज हॉस्पिटलच्याच आवारात. दुसरं वर्ष चालू होतं आणि शेवटची परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी रिटायर होऊन घरी बसलेय, पण तो गुरुवार मला तारखेसकट आठवतो.

पेपर इंग्रजीत होता. नाव मराठीत सांगायचं तर, पुराव्यावर आधारलेल्या शुश्रूषेच्या आड काय येतं, एका ट्रस्ट रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास. म्हणजे, एखादी गोष्ट संशोधनानं सिद्ध झालेली असते, छापून आलेली असते, तरी नर्स ती पेशंटच्या खाटेपर्यंत का नेत नाही, घोडं कुठं पेंड खातं, हे शोधायचं. विषय मला आवडला. घरी गेले, कुकर लावला आणि ओट्याशी उभी राहूनच वाचायला लागले.

दुसऱ्या पानावर 'कृष्णाकाठचे सहाशे खाटांचे रुग्णालय' आलं. म्हटलं, अरे वा, हे तर आपलंच. तिसऱ्या पानावर वॉर्डवार तक्ता होता, आणि तक्त्याखाली हा मजकूर. मी तो इतक्या वेळा वाचलाय की अजून पाठ आहे. 'वॉर्ड क्रमांक सात येथील बावीसपैकी एकवीस परिचारिकांनी तीसही प्रश्नांना तंतोतंत सारखी उत्तरे दिली. हे एकमत लक्षणीय आहे. या सर्वांच्या मते सर्वांत मोठा अडथळा म्हणजे त्यांना स्वतःला वाचनाची आवड नसणे. केवळ इन्चार्ज परिचारिकेचा दृष्टिकोन अनुकूल आढळला.'

ती इन्चार्ज म्हणजे मी. आणि त्या एकवीस जणी, त्याही मीच.

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कळलं नाही. डाळ पार खाली लागली.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मेट्रन ऑफिसातून फॉर्मांचा गठ्ठा आला. तीस वाक्यं, प्रत्येकासमोर बरोबरची खूण करायची, वर एम्प्लॉयी नंबर लिहायचा. चार दिवसांची मुदत होती. मी गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरले. चौथ्या दिवशी दुपारी अडीचला मेट्रनचा फोन, "वाघचौरे, तुमच्याच वॉर्डाचे राहिलेत. चारला पाठवा." त्या दिवशी ऑपरेशनची सहा माणसं होती, दोन परत आलेली, एकाची नळी तुंबलेली. पोरींना कुठं बसवून तीस-तीस प्रश्न वाचायला लावू? मी मस्टर पुढ्यात ओढलं, नंबर उतरवले आणि बसले खुणा करायला. पाऊण तासात एकवीस फॉर्म मोकळे.

बाहेरच्या माणसाला हे भयंकर वाटेल. आम्हा वॉर्डातल्या बायकांना नाही वाटायचं. ताप-नाडी-श्वासाचे तक्ते असेच भरलेले मी शेकड्यांनी पाहिलेत. ज्याला ताप नाही त्याचा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी शहात्तर, श्वास अठरा, सगळ्या ओळीला एकच. कागद मागितला की कागद द्यायचा, ही आमची शिस्त. कागदावर काय आहे ते कुणी वाचत नाही, हा आमचा अनुभव. तो त्या फॉर्मांच्या बाबतीत खोटा ठरला, एवढंच.

आता आवड नाही हेच का लिहिलं? तर माझा हिशेब सरळ होता. डॉक्टर सहकार्य करत नाहीत म्हणावं, तर डॉक्टरांना राग. वेळ मिळत नाही म्हणावं, तर मेट्रन म्हणणार, गप्पा मारायला बरा मिळतो. लायब्ररी नाही म्हणावं, तर ट्रस्टी दुखावणार. मला वाचायला आवडत नाही, हे असं एकच उत्तर होतं ज्यानं कुणाचं नाक कापलं जात नव्हतं. स्वतःच्या फॉर्मवर मात्र मी ते लिहिलं नाही. माणूस स्वतःच्या बाबतीत बरोब्बर शहाणा असतो. मी लिहिलं, वाचनाची आवड आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये डेप्युटेशनच्या मुलाखतीला प्राचार्या टिळेकर मॅडम मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या वॉर्डात वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच दिसता." मी ती शाबासकी समजून घरी पेढे नेले होते. हा अभ्यास त्यांचाच होता. कात्रीनं कापलेलं ते नाव टिळेकर मॅडमचं होतं हे ओळखायला मला भोकातून बघायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी महामुनी मॅडमना गाठलं. "हा पेपर बदलून द्या मला."

"का?"

"अवघड आहे."

"मग बरोबर माणसाकडे गेलाय," त्या म्हणाल्या आणि वर्गात शिरल्या.

दुपारी दोनच्या सुमाराला माझे पाय आपोआप सात नंबरकडे वळले. ड्यूटी बदलायची वेळ. ड्यूटी रूममध्ये एस्तेर सोनवणे डबा उघडून बसली होती. एस्तेर माझ्या बॅचची. ट्रेनिंगला आम्ही एका खोलीत तीन वर्षं काढली. मी बडबडी, ती शांत. मी इन्चार्ज झाले, ती माझ्या हाताखाली स्टाफच राहिली, पण चारचौघांत मला 'सिस्टर' आणि एकटी असताना 'शशे' म्हणायचं तिनं कधी सोडलं नाही. आणि सगळ्या हॉस्पिटलात कोणी वाचत असेल तर ती ही बाई. नर्सिंगचं मासिक पदरमोड करून पोस्टानं मागवायची, त्यातली कात्रणं एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात जपून ठेवायची.

"बस. चटणी-भाकर खा," ती म्हणाली. "तोंड का उतरलंय?"

"परीक्षा," मी म्हटलं.

"तुला परीक्षा तरी आहे." तिनं पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. "यंदा परत अर्ज केलाय डेप्युटेशनचा. गेल्या वर्षीचं उत्तर हे बघ. नऊ महिने जवळ घेऊन फिरतेय, मला अर्थ लागत नाही."

मी वाचलं. 'सर्वेक्षणात दिसून आलेला आपल्या विभागातील कर्मचाऱ्यांचा कल लक्षात घेता आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.'

"कल म्हणजे काय गं?" एस्तेरनं विचारलं. "आणि सर्वेक्षण झालं कधी? मला तर कुणी काही विचारलेलं आठवत नाही."

हातातला भाकरीचा तुकडा मी परत ठेवला. मी पाणी प्यायले.

"सोमवारी समिती बसणार आहे," ती सांगत होती. "ऑगस्टमध्ये मला पंचेचाळीस पूर्ण होतात. त्यानंतर अर्जच घेत नाहीत. म्हणजे यंदा झालं तर झालं. नाहीतर ह्या ड्यूटी रूममधूनच पेन्शनीत जायचं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती कधीच नसायची, आणि म्हणूनच मला बसवेना.

सांगायलाच गेले होते मी. जिभेवर होतं. पण मूग गिळून बसले, चहा संपवला आणि निघाले. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळभर मनात एकच चाललं होतं. सांगितलं तर माझं काय होईल? खोटे कागद भरल्याबद्दल डेप्युटेशन रद्द होऊ शकतं. परीक्षेच्या तोंडावर परत वॉर्डात, तेही सगळ्यांच्या देखत. टिळेकर मॅडमचा पेपर, त्यांचं नाव, त्यांची दोन वर्षं मातीत. आणि नाही सांगितलं तर एस्तेर. मधली वाट मला बरोबर सुचली, मला नेहमी सुचते. आकड्यांवर बोलायचं. इतकं एकमत संशयास्पद वाटतं, पुढच्या अभ्यासात काळजी घ्यावी, असं म्हणून खाली बसायचं. म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं पाठीमागं धरायचं.

शनिवारी अकराला वर्ग भरला. माझी पाळी दुसरी. मी फळ्यापाशी जाऊन कागद लावतेय तोच दार उघडलं आणि टिळेकर मॅडम आत आल्या. महिन्यातून एकदा त्या अशा न सांगता येऊन मागच्या बाकावर बसायच्या, हातात वही आणि लाल पेन. महामुनी मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. कात्री चालवताना ह्या पोरीला, ज्यांचं नाव कापतोय त्याच येऊन ऐकत बसतील हे सुचलं नसावं.

"चालू द्या," टिळेकर मॅडम म्हणाल्या.

मी सुरुवात केली. विषय सांगितला, पद्धत सांगितली. एकशे ऐंशी परिचारिका, तीस वाक्यांचा फॉर्म, वर एम्प्लॉयी नंबर, आणि गोळा करणार मेट्रन ऑफिस.

"इथं पहिली अडचण," मी म्हटलं. "नंबर लिहिलेला कागद वरिष्ठांच्या टेबलावरून जाणार असेल, तर त्यावर कुणी खरं लिहील का?"

"बरोबर," महामुनी मॅडम हळूच म्हणाल्या.

"दुसरी अडचण तक्ता चारमध्ये. वॉर्ड सात. एकवीस जणी, तीस प्रश्न, उत्तरं एकसारखी."

पुढच्या बाकावर एक कोल्हापूरची पोर होती, मयूरी चौगुले, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "एकवीसच्या एकवीस जुळ्या होत्या काय मॅडम?" सगळा वर्ग हसला. दुसरी म्हणाली, "आणि ती इन्चार्ज बघा की, तेवढी एकटीच हुशार." परत हशा. ह्या पोरींना माझा वॉर्ड कोणता होता हे ठाऊक नव्हतं. हसणं भाग होतं म्हणून मीही हसले. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, अशी माझी गत झाली होती.

मागच्या बाकावरून कोरडा आवाज आला. "एका वॉर्डात काम करणाऱ्या बायकांचं एकमत असू शकतं. वर्षानुवर्षं एकत्र असतात त्या. तुमचा आक्षेप काय आहे नेमका?"

"मॅडम, एकवीस जणींना विचारलं की भेंडी आवडते का, तरी तीन उत्तरं येतात," मी म्हटलं. "हे फॉर्म एकाच हातानं भरलेत असं मला वाटतं."

"वाटतं?" टिळेकर मॅडमनी पेन खाली ठेवलं. "समीक्षेत वाटणं चालत नाही, सिस्टर. पुरावा लागतो. या पेपरावर विसंबून निर्णय झालेले आहेत. पुरावा काय?"

मधली वाट तिथंच संपत होती. नुसता अंदाज आहे म्हटलं असतं तर त्या मान हलवून उठल्या असत्या, पेपर तसाच राहिला असता, आणि सोमवारी समितीनं तोच पुढ्यात घेतला असता. मला एस्तेरच्या हातातला तो घडी पडलेला कागद दिसत होता. मी टेबलाचा काठ धरला.

"पुरावा मी आहे, मॅडम. ती इन्चार्ज मीच होते. एकवीस फॉर्म मी भरले. पाऊण तासात, मस्टरवरून नंबर बघून. एकाही पोरीनं तो कागद पाहिलेला नाही."

मयूरी चौगुलेनं तोंडावर हात ठेवला. आणि मला काय झालं सांगू, दोन दिवस छातीवर कुणीतरी बसलं होतं ते उठलं. पुढं काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं, पण श्वास खालपर्यंत गेला.

टिळेकर मॅडम उठल्या. "माझ्या केबिनमध्ये या," एवढंच म्हणाल्या.

केबिनमध्ये त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला, सोडला आणि सात नंबरचे फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. एकच निळी शाई. एकाच वळणाची बरोबरची खूण, शेवटी वर उडणाऱ्या शेपटीची. आंधळ्यालाही कळलं असतं.

"ही तुमची खूण?"

"हो, मॅडम."

त्यांनी दोन फॉर्म उचलून एकमेकांशेजारी धरले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी मनात तयारीही केली होती.

"मी पाहिलं होतं हे," त्या म्हणाल्या. "तेव्हाच पाहिलं होतं. म्हटलं, वॉर्डात एकच पेन फिरवलं असेल. म्हणजे, तशी मी स्वतःची समजूत घातली. परिषदेची तारीख आठ दिवसांवर आली होती. तुमचा वॉर्ड काढून टाकला असता तर आकडे अपुरे पडत होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकमत लक्षणीय आहे, असं वाक्य लिहिलं मी. लिहितानाच कळत होतं."

प्राचार्यांचे डोळे मी पहिल्यांदाच चष्म्याशिवाय पाहत होते. थकलेले होते, आमच्यासारखेच.

"मॅडम, एस्तेर सोनवणे," मी म्हटलं. "तिचा अर्ज त्या वाक्यामुळं फेटाळला गेलाय. सोमवारी परत समिती आहे. माझं काय करायचं ते करा, पण तिला..."

"तुमचं जे करायचं ते करणारच आहे. मेमो मिळेल तुम्हाला. खोटा कागद भरलात, ते मी सोडणार नाही." त्यांनी फॉर्म गोळा करायला घेतले. "परीक्षेला मात्र बसा. तुम्हाला काढलं तर उद्यापासून या हॉस्पिटलात खरं सांगायला कोण पुढं येईल?"

त्यांनी तिथल्या तिथं कागद ओढला आणि समितीला पत्र लिहिलं. 'वॉर्ड सातची माहिती अविश्वसनीय असून ती कोणत्याही निर्णयासाठी वापरू नये, आणि याची जबाबदारी अभ्यासकाची म्हणजे माझी आहे.' माझं नाव त्यांनी त्यात घातलं नाही. दुसरं पत्र त्या जर्नलला, पेपर मागं घेण्याचं. ते लिहायला त्यांना जास्त वेळ लागला. सही झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आता हा अभ्यास परत करायचा. नंबर नको, मेट्रन ऑफिस नको. कँटीनमध्ये बंद पेटी ठेवायची. तुम्ही मदत करणार आहात."

"करते, मॅडम."

"आणि ज्याचा फॉर्म त्यालाच भरू द्यायचा."

ती थट्टा होती हे मला बाहेर व्हरांड्यात आल्यावर कळलं. मी खांबाला टेकून हसले आणि मग डोळे पुसले. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिलं.

अजून एक घर राहिलं होतं. संध्याकाळी मी एस्तेरच्या क्वार्टरवर गेले. ती गॅलरीत कपडे काढत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही मागं ठेवलं नाही. ती वाळलेल्या साडीच्या घड्या घालत ऐकत होती.

"म्हणजे मला वाचायला आवडत नाही, हे तू लिहिलंस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"माझ्या नंबरावर."

"हो गं."

"आणि माझ्यापुढं तो फॉर्म आला असता तर मी काय लिहिलं असतं, ते माहितीय तुला?"

"काय?"

"वरिष्ठ करू देत नाहीत. असं एक वाक्य असेल ना त्यात?"

"होतं. पण मेट्रनबद्दल असं लिहायला तुला भीती..."

"मेट्रनचा काय संबंध? वरिष्ठ म्हणजे तू, शशे."

तिनं साडी बाजूला ठेवली.

"आठवतं का बघ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डबॉय पेशंटचं पोट ब्लेडनं साफ करतो. बारीक बारीक कापतं, आणि मग तिथंच पू धरतो. मी तुला कात्रण आणून दाखवलं होतं की ब्लेड वापरू नये, लागलंच तर त्याच दिवशी सकाळी मशीननं केस बारीक करावेत. तू ते कात्रण वाचलंही नाहीस. म्हणालीस, आपल्याकडं असंच करतात, सर्जन साहेबांना चालायचं नाही, वाचायचंय ते घरी वाच."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. तिला शब्दन् शब्द पाठ होता, आणि माझ्या लेखी ती रोजची एक गोष्ट होती.

"नंतर मी कुणाला काही दाखवलं नाही," एस्तेर म्हणाली. "इन्चार्जला ओलांडून साहेबांपुढं जायची आपल्याकडं रीत आहे का?"

"माझ्यावर राग आहे तुझा?"

"होता. ते कात्रण परत पाकिटात ठेवताना फार होता. आज जाऊन सगळ्या वर्गात बोललीस म्हणतेस, तर आता त्याचं काय लोणचं घालू?" ती आत वळली. "चहा टाकते. साखर कमी ना तुला?"

बुधवारी नोटीस बोर्डावर यादी लागली. एकच नाव होतं, एस्तेर दाविद सोनवणे. मी कॉलेजातून पळत आले होते, या वयात, ॲप्रन सावरत. ती बोर्डासमोर उभी होती आणि हातातल्या ट्रेवरचं मापाचं औषध सांडत होतं तरी तिचं लक्ष नव्हतं. माझा मेमोही त्याच आठवड्यात आला. नोकरीतला पहिला आणि शेवटचा. सही करून घेतला आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

परीक्षा झाली, पास झाले. जुलैत मी सात नंबरवर परत रुजू झाले, तेव्हा एस्तेरचे वॉर्डातले शेवटचे चार दिवस उरले होते. सोमवारी उपळेकर साहेबांचा राउंड. साहेब म्हणजे आमचे मोठे सर्जन, तीस वर्षांचा दबदबा, कपाळाला आठी. बारा नंबरच्या खाटेपाशी ते थांबले. हर्निया, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मी एस्तेरला खूण केली, पुढं ये. ती जागची हलेना. मग मीच घसा खाकरला.

"सर, सोनवणे सिस्टरनी एक पेपर वाचलाय. ब्लेडनं शेव्हिंग केल्यानं जखमेत पू व्हायचं प्रमाण वाढतं. त्याच दिवशी सकाळी मशीननं केस बारीक केले तर बरं, असं त्यात आहे. आपण इथं करून बघू का?"

साहेबांनी चष्म्यावरून आमच्या दोघींकडे पाहिलं.

"करा की," ते म्हणाले. "मी पुण्याला माझ्या भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा पाहिलंय, तिथं तसंच करतात. मला वाटायचं, इथं तुम्हा सिस्टर लोकांना ब्लेडची सवय, तुम्हाला चालायचं नाही."

आणि ते तेरा नंबरकडे गेले.

एस्तेर माझ्याकडे वळली. मी बारा नंबरच्या माणसाची चादर नीट केली, त्याच्या केसपेपरवर 'ब्लेड नको' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं, सही तिची घ्यायची होती.